नात्याबाहेरचा डॉक्टर

"वैद्यक शिकून येत नाही, ते रक्तात असावं लागतं. आणि आपल्या घराण्याच्या रक्तात ते पिढ्यान् पिढ्या वाहतंय!"

मोठ्या डॉक्टरांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा ते पेशंटच्या वजनकाट्यावर उभे होते. खालून बोललं की मागच्या रांगेला दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मागच्या रांगेत त्यांची बायको, म्हणजे आजी, एकटीच बसली होती आणि तिला ते लग्न झाल्यापासून व्यवस्थित दिसत होते. 'घराण्याच्या' म्हणताना त्यांनी छाती पुढे काढली, तसा काट्याचा बाण थरथरत पुढे सरकला.

"वाढलंय," आजी म्हणाल्या.

"काटा बिघडलाय," म्हणत मोठे डॉक्टर खाली उतरले.

सुनेनं नेहमीप्रमाणे छताकडे पाहिलं. ती दातांची डॉक्टर. पण या घरात तिला 'डॉक्टर' म्हणायची पद्धत नव्हती. सासऱ्यांच्या मते दात म्हणजे शरीराला जोडलेलं फर्निचर. त्याची दुरुस्ती करणाऱ्याला डॉक्टर म्हणायचं, तर सुतारानं काय घोडं मारलंय? म्हणून ती 'दातवाली'. तिचा नवरा पन्नाशी उलटली तरी 'छोटे डॉक्टर', कारण मोठी जागा अजून रिकामी झाली नव्हती आणि व्हायची लक्षणंही नव्हती.

रविवारची दुपार. तळमजल्यावरचा दवाखाना बंद होता आणि बाहेरच्या खोलीतल्या पेशंटच्या खुर्च्या फिरवून अर्धगोलात मांडल्या होत्या. मधल्या स्टुलावर मुंगी. मुंगी म्हणजे दातवालीची लेक. लहानपणी साखरेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलेली सापडली, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मुंगीची परवा मुलाखत होती आणि आज तिची तालीम.

मुंगीनं परदेशातल्या ज्या अभ्यासक्रमाला अर्ज केला होता, त्यात शाळा संपली की पदवीचं कॉलेज आणि पुढचं मेडिकल या दोन्हींचा प्रवेश एकाच फटक्यात मिळतो. तिथला नेहमीचा रस्ता म्हणजे आधी पदवी, मग पुन्हा परीक्षा, पुन्हा अर्ज आणि पुन्हा रडारड. या जोड-अभ्यासक्रमात एकदाच काय ते रडून घ्यायचं की पुढच्या आठ वर्षांची सोय झाली. अर्थात अशा बऱ्याच कॉलेजांनी 'परदेशी विद्यार्थ्यांनी अर्ज करू नये' असं आधीच नम्रपणे लिहून ठेवलं होतं. काहींनी अर्ज घेतला आणि मग तितक्याच नम्रपणे नाही म्हटलं. एकाच कॉलेजानं मुलाखतीला बोलावलं होतं. मुंगीच्या दृष्टीनं जगात आता तेवढं एकच कॉलेज उरलं होतं.

निबंधाचा तमाशा आधीच होऊन गेला होता. 'मला डॉक्टर का व्हायचंय' हा निबंध आजोबांनी सांगितला आणि नातीनं उतरून घेतला. त्यात आजोबांचा जन्म, आजोबांची हुशारी, आजोबांनी मरणाच्या दारातून ओढून आणलेला पहिला पेशंट असं सगळं आलं आणि आजोबांच्या लग्नापाशी शब्दमर्यादा संपली. मुंगी जन्मालाच आली नाही. शेवटी तिनं दार लावून स्वतःचा निबंध स्वतः लिहिला आणि पाठवून दिला. आजोबा मात्र परदेशातले प्राध्यापक आपलं चरित्र वाचून भारावले असतील, या आनंदात होते.

"सुरू करायचं का?" आत्यानं गळ्यात रेशमी रुमाल बांधला. आत्या म्हणजे मोठ्या डॉक्टरांची लेक, दातवालीची नणंद. तिचं परदेशी प्रवेशांचं मार्गदर्शन केंद्र होतं. तिच्या मार्गदर्शनानं पुष्कळ मुलं परदेशी गेली. तिचा स्वतःचा मुलगा तेवढा मार्गदर्शन चुकवून गेला, म्हणून त्याला हवं ते कॉलेज मिळालं. रुमाल बांधला की ती परदेशी प्राध्यापक, असं ठरलं होतं. खरी मुलाखत इंग्रजीत होणार होती. तालीम मात्र घरच्या भाषेत, कारण मोठ्या डॉक्टरांना मध्ये मध्ये बोलता आलं पाहिजे.

"मला सांग," प्राध्यापक गोड आवाजात म्हणाले, "तू सतरा वर्षांची. आम्ही तुला पुढची आठ वर्षं आजच देऊन टाकणार. तुला डॉक्टरच व्हायचंय, हे इतकं पक्कं कसं ठाऊक?"

मुंगीनं तोंड उघडलं.

"कारण ते रक्तात—" मोठे डॉक्टर म्हणाले.

"बाबा, प्रवेश तुम्हाला नकोय."

"मदत केली."

"सतराव्या वर्षी मला विचारलं असतं," आजी मागून म्हणाल्या, "तर मी सर्कशीत जाणार होते."

"मग?" मुंगीनं विचारलं.

"मग यांचं स्थळ आलं. फार काही फरक पडला नाही."

"आई! मुलाखत चाललीय!" आत्यानं रुमाल घट्ट केला. "बरं, तो प्रश्न नंतर. पुढचा. तू कुठल्या डॉक्टरच्या हाताखाली राहून पेशंट पाहिलेस? शिफारसपत्र कुणाचं आहे?"

दातवालीनं लेकीला डोळ्यांनी खुणावलं. कॉलेजाची अटच होती: पत्र देणारा डॉक्टर नात्यातला नको आणि मुलीनं त्याच्याकडे खरोखर काम पाहिलेलं हवं. घरात 'शहरातल्या एका दवाखान्यात जाते' एवढंच सांगितलेलं होतं. ते खोटंही नव्हतं. रस्ता ओलांडला म्हणून शहर बदलत नाही. बाकीचं प्रवेश झाल्यावर, सगळे आनंदात असताना, एखाद्या गोडाच्या घासाबरोबर सांगू, असा तिचा बेत होता. पण लेकीच्या अंगात खोटं न बोलण्याचा दोष होता. तो कुणाच्या रक्तातून आला, हे कोडंच होतं.

"समोरच्या डॉक्टरांच्या," मुंगी म्हणाली.

भिंतीवरचं फुप्फुसाचं चित्रसुद्धा श्वास रोखून धरल्यासारखं दिसू लागलं.

समोरचा! एके काळी तो इथेच, याच दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होता. एके दिवशी तो म्हणाला, 'सर, मी स्वतःचं काहीतरी सुरू करतो.' सर म्हणाले, 'कर, माझे आशीर्वाद आहेत.' त्यानं आशीर्वाद घेतले आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पाटी लावली. तेव्हापासून मधला रस्ता म्हणजे सरहद्द. त्या बाजूच्या खिडकीला दुधी काच बसली, आणि या घरातलं कुणीही मरेल पण समोरच्याची पायरी चढणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांच्या वतीनं एकट्यानं ठरवून टाकलं.

"कुणाच्या?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांना ऐकू उत्तम येत होतं.

"मीच गेले होते त्यांच्याकडे विचारायला," दातवाली उठून उभी राहिली. "तिच्यावर रागावू नका. नात्याबाहेरचा डॉक्टर हवा होता. आसपास दुसरा आहे कोण?"

"वहिनी!" आत्या म्हणाली. "बाबांच्या नाकावर टिच्चून?"

"मला एका शब्दानं बोलली नाहीस," छोटे डॉक्टर म्हणाले. खरं तर त्यांना सगळं माहीत होतं. पण वडिलांसमोर माहीत नसणं त्यांच्या तब्येतीला मानवायचं.

"पत्र मागे घ्या," मोठे डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज. माझा मित्र आहे, निवृत्त प्राध्यापक. तो देईल पत्र."

"त्यांनी मुंगीला कधी पाहिलंय का?" दातवालीनं विचारलं.

"पाहिलंय की. रांगत होती तेव्हा."

"लिहितील मग," आजी म्हणाल्या, "रांगते छान."

"चेष्टा नकोय मला! एक तर ते पत्र मागे जाईल, नाहीतर या मुलीच्या शिक्षणाला माझा छदाम मिळणार नाही!"

आता कुणी हसलं नाही. परदेशी विद्यार्थ्याला तिथे मदत नाही, कर्ज नाही. सगळा भार घरानंच उचलायचा, आणि या घरात उचलू शकणारा खांदा एकच होता. मुंगीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. लहानपणी सुई टोचून घेतानाही ती अशीच बसायची. रडायची नाही, फक्त हात लपवायची. दातवालीला वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळ्यांचे दात मोजावेत, आणि काही कमी करावेत.

"बाबा, एक मिनिट." आत्याच्या लक्षात काहीतरी यायला लागलं होतं. "पत्र मागे घेतलं तर मुलाखतच गेली. अर्धवट अर्ज ते बघतसुद्धा नाहीत."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? माझ्या केंद्राच्या भिंतीवर हिचा फोटो लावायची जागा मी रिकामी ठेवलीय!" आत्या खुर्चीसकट वहिनीच्या बाजूला सरकली. "वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे."

"तू कोणाच्या बाजूची?"

"भिंतीच्या," आजी म्हणाल्या.

"मला वाटतं," छोटे डॉक्टर म्हणाले, "दोन्ही बाजूंनी विचार करता..." आणि तिथेच थांबले. त्यांचं कुठलंही मत इथपर्यंतच येत असे.

"आधी ती तालीम तरी पुरी करा," आजींनी फर्मान काढलं. "पोर केव्हाची स्टुलावर बसलीय. निम्म्यात उठवलेलं माणूस आणि निम्म्यात उतरवलेला भात, दोन्ही वाया."

आत्यानं संधी साधली. रुमाल पुन्हा वर आला. "तर मग सांग, त्या दवाखान्यातला तुझ्या मनाला भिडलेला एखादा प्रसंग."

मोठ्या डॉक्टरांनी कान टवकारले. समोरच्यानं काही घोळ घातलेला असला तर ऐकायची त्यांची तयारी होती.

"एक व्यक्ती आली होती," मुंगी म्हणाली. "कोण, ते सांगणार नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, दाराच्या आतलं दाराच्या आत. ती व्यक्ती मागच्या दारानं आली. कुणी ओळखू नये असा वेश करून."

छोट्या डॉक्टरांनी पायावरचा पाय काढून दुसरा पाय त्यावर ठेवला.

"बसायच्या आधीच आपला आजार आपणच सांगितला. औषधही सांगितलं. वर, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप जुना झालाय, असंही सांगितलं."

आत्याच्या गळ्यातला रुमाल एकाएकी घट्ट झाला. दातवाली हळूच खुर्चीत बसली. मागे चक्कर यायला लागली तेव्हा ती स्वतः मोठा काळा चष्मा लावून समोर गेली होती. 'दाब असणार, गोळी लिहून द्या' असं उभ्या उभ्याच म्हणाली होती. मुंगी शाळेत असतानाची वेळ तिनं मुद्दाम निवडली होती. पण शाळांचं काय सांगावं? शाळांना सुट्ट्या असतात. आणि स्टेथोस्कोपबद्दल आपण काही बोललो होतो का?

"डॉक्टर काहीच बोलले नाहीत," मुंगी सांगत होती. "त्यांनी फक्त नाडीवर हात ठेवला. नाडी मोजून झाली तरी काढला नाही. हळूहळू ती व्यक्ती बोलायची थांबली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, 'गंभीर नाही ना काही? घरी कळू देऊ नका हं. घरात सगळ्यांना वाटतं, मला काही होत नाही.'"

मुंगीनं मांडीखालून हात बाहेर काढले.

"मला तोपर्यंत वाटायचं, डॉक्टर म्हणजे ज्याला सगळं माहीत असतं तो. पण त्या व्यक्तीला तर सगळंच माहीत होतं. तरी भीती वाटत होती. तेव्हा कुणीतरी मनगट धरून बसणारं लागतं. मला ते काम हवंय. सतराव्या वर्षी एवढंच पक्कं ठाऊक आहे मला. बाकीचं आठ वर्षांत शिकवतीलच."

आत्याचा पहिला प्रश्न कधीच मागे पडला होता. त्याचं उत्तर असं फिरून, मागच्या दारानं आलं. दातवालीचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात तिचा नवरा उठून उभा राहिला.

"मी एकदाच गेलो होतो!"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"पाठीसाठी! एकदाच! म्हणजे, दोनदा. आणि स्टेथोस्कोप खरंच जुना आहे त्याचा. पण मुंगे, तू कुठे होतीस तेव्हा? ती कोपऱ्यातली मास्कवाली—"

"तू?" आत्या किंचाळली. "मला वाटलं हे माझ्या गुडघ्याचं चाललंय!" आणि तिनं तोंडावर हात ठेवला, पण गुडघा बाहेर पडला तो पडलाच.

"तुझा गुडघा?" मोठ्या डॉक्टरांचा आवाज फाटला. "तुझा गुडघा मी तपासलाय!"

"तपासलात ना. 'काही नाही, चालायला जा' म्हणालात. बाबा, मला चालताच येत नाही म्हणून आले होते!"

हे मात्र सत्य होतं. बाहेरच्या पेशंटला मोठे डॉक्टर देवासारखे; घरच्या कुणाचं काही दुखलं की त्यांचं निदान ठरलेलं: काही नाही. औषध: चालायला जा. या घराण्यात डॉक्टर पिढ्यान् पिढ्या झाले, पण पेशंट व्हायची परवानगी कुणालाच नव्हती.

दातवालीनंही सत्याची कास धरायचं ठरवलं, म्हणजे आधी सगळ्यांचं होऊ दिलं. "मीही गेले होते," ती म्हणाली. "दाब वाढलाय माझा. काळा चष्मा लावून गेले होते."

"माझा चष्मा नेलेलास तो?" छोटे डॉक्टर म्हणाले. "मी हेल्मेट घालून गेलो शेवटी!"

"त्याच्या दवाखान्याला मागचं दार आहे?" आजींनी आश्चर्यानं विचारलं. "मला कुणी सांगितलंच नाही. मी आपली पुढच्या दारानं जाते."

मोठे डॉक्टर सावकाश बायकोकडे वळले.

"तू?"

"माझा हात मोडला होता तेव्हाही तुम्ही चालायला जा म्हणालात," आजी शांतपणे म्हणाल्या. "गेले मी. चालत चालत समोर."

मोठ्या डॉक्टरांनी एकदा अर्धगोलावरून नजर फिरवली. मग आपल्या तपासणीच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं. दारावरची 'डॉक्टर आहेत' ही पाटी तेवढी जाताना उलटी केली. आता तिथे 'डॉक्टर नाहीत' असं दिसत होतं.

"झालं," आत्या रुमाल सोडत म्हणाली. "गेला भिंतीवरचा फोटो."

मुंगी स्टुलावरून उतरली नव्हती. दातवाली तिच्याजवळ गेली. "खरं सांग, कुणाबद्दल होतं ते? माझं होतं?"

"आई," मुंगी म्हणाली, "दाराच्या आतलं."

"अगं, मी तुझी आई आहे."

"म्हणूनच."

आतून घंटी वाजली. पेशंटला बोलवायची ती घंटी. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "चहा हवा असेल," आजी म्हणाल्या. घंटी पुन्हा वाजली आणि पाठोपाठ आतून आवाज आला, "मुंगीला पाठवा."

दातवालीनं चहाचा कप करून घेतला, तो निमित्ताला, आणि लेकीच्या मागोमाग जाऊन अर्धवट लोटलेल्या दाराशी थांबली. दाराच्या आतलं दाराच्या आत राहावं हे तिला पटलं होतं. पण दार पुरतं लागलेलं नव्हतं.

मोठे डॉक्टर टेबलामागच्या त्यांच्या उंच खुर्चीत नव्हते. ते समोरच्या, पेशंटच्या स्टुलावर बसले होते. तिथून ते बरेच लहान दिसत होते.

"त्यानं पत्रात काय लिहिलंय?"

"माहीत नाही, आजोबा. आम्ही वाचायचं नसतं ते."

"हूं." त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "ते नाडीवर हात ठेवून बसायचं. ते कुणी शिकवलं त्याला? मी शिकवलं. याच खोलीत. हात घाईघाईनं काढायचा आणि पेशंटचं तोंड बघायचं राहून जायचं त्याचं." ते थांबले. "चांगलं शिकलाय."

मुंगीनं दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ बसली.

"तो आधी विचारतो," आजोबा पेपरवेटकडे पाहत म्हणाले. "'शिकाऊ मुलगी आहे, थांबली तर चालेल ना?' असं. माणूस म्हणतो, थांबू दे, शिकेल काहीतरी. चष्मा काढून ठेवलेला असतो. मग कोपऱ्यातल्या मास्कच्या मागे कोण आहे, ते कसं दिसणार?"

"नाही दिसत," मुंगी म्हणाली.

बाहेर दातवालीनं कान दाराच्या आणखी जवळ नेला.

"परवा तो प्रसंग सांगू का, आजोबा? नको असेल तर दुसरा सांगते."

त्यांनी पेपरवेट थांबवला.

"सांग. चांगला आहे. पत्रही राहू दे ते." त्यांनी घसा साफ केला. "फक्त त्या माकडटोपीचं काही बोलू नकोस."

मुंगीनं टोपीचा एक शब्दही काढला नव्हता.

"नाही बोलणार," ती म्हणाली, आणि तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी ते काढून घेतलं नाही. नातीनं बोटं कुठे ठेवलीत ते त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि ती अंगठ्याच्या बाजूला जराशी सरकवून दिली.

"आठ वर्षं फार आहेत," ते म्हणाले.

"मध्ये येईन मी."

"आणि हे बघ." त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आवाज अगदी खाली आणला. "उद्या तिकडे जाशीलच ना? गेलीस की माझा नंबर जरा पहिला लावून ठेव. मागच्या दाराचा. त्याच्या त्या बाकड्यावर फार वेळ बसवत नाही."